चौथा बुधवार

भरमूला बोलायला माणूस मिळायचं ते आठवड्यातून एकदाच, रविवारी, आणि तेही दीड कोस चालून गेल्यावर. बाकीचे सहा दिवस त्याच्या तोंडाला काम एवढंच की भाकरी चावायची आणि धागा तुटला की थुंकी लावून जोडायचा. आता वडगाव म्हणजे काही रान नव्हे. बेळगावला लागून विणकरांची ही एवढी दाट वस्ती, घराला घर चिकटलेलं, घरटी माग, आणि उजाडल्यापासून अशी खटखट की शेजारचा शिंकला तरी कळू नये. एवढ्या गर्दीत एक माणूस बारा वर्षं एकटा राहिला हे सांगून कुणाला पटायचं नाही. पण राहिला खरा.

तापाच्या साथीच्या वर्षी त्याची बायको पारू तिसऱ्या दिवशी गेली. घरात सहा वर्षांची जया आणि ओसरीवर प्रेत. थोरला भाऊ आण्णाप्पा भिंतीपलीकडं स्वतः तापानं फणफणलेला, आणि गल्लीत ज्याला त्याला ज्याचं त्याचं झालेलं. खांद्याला चौथा सोडा, दुसरा माणूस मिळेना. सकाळची दुपार झाली. बेळगावच्या लष्करी कॅम्पातले मिशनचे लोक त्या दिवशी औषधाच्या बाटल्या वाटत गल्लीत आले होते. त्यांच्यातल्या शाळेच्या शांतवन मास्तरांनी बाटल्यांची पेटी खाली ठेवली, डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधला आणि सोबतच्या दोघांना म्हणाले, "चला, उचला." ना ओळख ना पाळख. ते तिघं आणि चौथा भरमू.

तेवढ्यावर भरमू ख्रिस्ती झाला. पाद्रीसाहेबांनी पुढं त्याला बरंच शिकवलं, दहा आज्ञा, विश्वासांगीकार, आणखी काय काय, आणि त्यानं ते पाठही केलं. पण खरं विचाराल तर त्याचा सगळा धर्म त्या दोन शब्दांत आला होता.

जातीनं मग जे करायचं ते केलं. त्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या हातचं पाणी बंद. जयाला आण्णाप्पानं आणि त्याच्या बायकोनं, आक्काताईनं, आपल्या घरात घेतलं, वाढवलं आणि निपाणीला दिली. लग्नात बाप गल्लीच्या तोंडाशी उभा राहून अक्षता बघत होता. तीन वर्षांमागं आण्णाप्पा वारला तेव्हा तर कहर झाला. खांद्यापायी ज्यानं धर्म सोडला, त्याला सख्ख्या भावाच्या तिरडीला हात लावू दिला नाही. आता भिंतीपलीकडं आक्काताई आणि तिचा लेक मष्णू. वहिनीच्या खोकल्यावरनं भरमूला कळायचं की ती उठली, चुलीपुढं बसली, निजली. पण शब्द म्हणून नाही.

कॅम्पातलं चर्च गोऱ्या पलटणीचं. सकाळी गोऱ्यांची उपासना व्हायची, ती आटोपली की देशी मंडळीची. मंडळी म्हणजे तरी किती, वीस-बावीस डोकी. मिशनच्या शाळेचे मास्तर, दवाखान्यातली रूथबाई, साहेबांकडचे दोन बटलर, एक कारकून, त्यांची बायकापोरं. सगळी तिथंच चर्चमागच्या चाळीत राहणारी. भरमू यायचा, खांबाला टेकून बसायचा, शेवटी सगळ्यांना सलाम करायचा आणि परत दीड कोस. लोक वाईट नव्हते हो. "कसं काय भरमू?" म्हणून विचारायचे. त्या एका "कसं काय"वर हा गडी आठवडा काढायचा.

लेंत लागला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले, की या मंडळीचा एक नेम होता. दर बुधवारी दिवेलागणीला एकेका घरी प्रार्थना, आणि प्रार्थना झाली की त्याच घरी नाचणीची आंबील पिऊन सगळ्यांनी दिवसाचा उपास सोडायचा. आंबील आणि कांदा, दुसरं काही नाही. पण त्या आंबिलीची गोडी भरमूनं फक्त ऐकली होती. बारा वर्षांत तो एकाही बुधवारी गेला नव्हता. बोलावणं नव्हतं असं नाही, मास्तर दरवर्षी म्हणायचे, ये. पण ज्याच्या घरी आपण खायचं त्याला आपल्या घरी घालता आलं पाहिजे, असा याचा हट्ट. आणि त्याच्या घरी, वडगावात, त्या गल्लीत, कोण येणार? म्हणून तो जायचाच नाही. माणूस स्वतःलाच असा कोंडून घेतो आणि मग कुलपाकडं बघत बसतो.

त्या साली काय झालं, चौथा बुधवार घेणाऱ्या कारकुनाची बदली धारवाडला झाली. लेंताच्या आधीच्या रविवारी मास्तरांनी घरं वाचून दाखवली. पहिला बुधवार मास्तरांकडं, दुसरा बटलरांकडं, तिसरा शाळेत, आणि चौथ्याला येऊन ते थांबले. "चौथा कोण घेतंय?" कुणी बोलेना. भरमू खांब सोडून उभा राहिला. आपण उभं राहिलोय हे त्याला उभं राहिल्यावर कळलं.

"माझ्या घरी या," तो म्हणाला.

बायकांच्या बाजूला थोडी कुजबुज झाली. वडगाव? एवढं लांब? आणि त्या गल्लीत? भरमूचे कान तापले. तेवढ्यात म्हातारी मालुबाई, मंडळीतली सगळ्यांत जुनी बाई, काठी टेकत म्हणाली, "मी येईन बाबा. चालायला जमतंय मला अजून." पाद्रीसाहेब त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "फार उत्तम. चौथा बुधवार भरमूचा." आणि मास्तरांनी कागदावर नाव घातलं.

घोटाळा झाला तो इथं, आणि तो आत्ताच सांगून टाकलेला बरा. मंडळीच्या हिशेबात राखेचा बुधवार, ज्या दिवशी लेंत लागतो, तो पहिला बुधवार. त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी पहिली प्रार्थना व्हायची, वर्षानुवर्षं व्हायची, ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. भरमूच्या लेखी मात्र राखेचा बुधवार हा मोजायचा बुधवारच नव्हता. तो मोठा दिवस, त्याला त्याचं नाव होतं. अमावास्येपासून तिसरा दिवस म्हणताना वडगावात कुणी अमावास्या मोजतं का? तसं. त्या दिवशी सकाळी तो चर्चला जाऊन आला, संध्याकाळी मागावर बसला आणि पुढच्या बुधवारपासून मागाच्या खुंटीला बांधलेल्या दोऱ्यात एकेक गाठ मारत गेला. चार गाठी झाल्या की आपला दिवस. एका आठवड्याचा फरक. बारा वर्षांत एकदा जरी आंबील प्यायला गेला असता तर ही चूक होती ना.

राखेच्या बुधवारी सकाळी पाद्रीसाहेबांनी उपदेशात आणखी एक गोष्ट घातली होती. या लेंतात पोटाच्या उपासाबरोबर जिभेचा उपास धरा, म्हणाले. कुणाचं उणं काढू नका, कुणाला टाकून बोलू नका, कुणाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ईस्टरपर्यंत गिळून ठेवा. मंडळीनं माना डोलावल्या. भरमूला मनातल्या मनात हसू आलं. जिभेचा उपास त्याला आणि कुणी शिकवायचा?

आता तयारी. वीस माणसं घरात बसवायची तर घरात जागा पाहिजे, आणि विणकराच्या घरात जागा म्हणजे माग. मधोमध पाय सोडायचा खड्डा, त्यावर माग, आणि भिंतीपर्यंत ताणलेला ताणा. ताणा चढवला की लुगडी पुरी उतरेपर्यंत मागाला हात लावत नाहीत. अर्ध्यावर माग सोडणं म्हणजे घरात कुणी गेल्यावर करायची गोष्ट. भरमूनं पारू गेली तेव्हा तसा सोडला होता. आता पुन्हा सोडायचा ठरवला, पण या वेळी माणसं येणार म्हणून. म्हणजे हातातलं लुगडं आधी पुरं करणं आलं. मग तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मागावर बसू लागला. बटलरांकडच्या, शाळेतल्या बुधवारी तो इथं धोटा फेकत होता.

तिसऱ्या आठवड्यात लुगडं उतरलं. उरलेला ताणा त्यानं गुंडाळून आढ्याला टांगला, मागाची लाकडं सोडवून कोपऱ्यात उभी केली, खड्ड्यावर फळ्या टाकल्या, जमीन सारवली, अंगण सारवलं. कुंभाराकडनं आंबिलीसाठी वीस परळ आणले, आणि परत जाऊन आणखी चार आणले, न जाणो. रिकाम्या खोलीत उभा राहून त्यानं मनातल्या मनात माणसं बसवून बघितली. मास्तर इथं, मालुबाई भिंतीला टेकून, पोरं दाराशी. बसत होती सगळी.

एकच गोष्ट राहिली. घरात बाईमाणूस नव्हतं. आंबील भरमू करू शकला असता, रोज स्वतःचं करतच होता. पण चार बायका दारात आल्यावर "या बसा" म्हणायला घरची बाई लागते, नाहीतर ते घर कसलं. दोऱ्याला दोन गाठी झाल्या होत्या. म्हणजे त्याच्या मतानं अकरा दिवस हातात होते. शनिवारी सकाळी त्यानं दाराला कुलूप घातलं आणि मोटारीनं निपाणीला गेला, जयाला थोड्या दिवसांसाठी आणायला.

जयानं बापाला अंगणातच पाट दिला. पाणी दिलं, ते तांब्यातनं वरनं ओतून दिलं. भरमू ओंजळीनं प्यायला.

"जया, फुडल्या बुधवारपतोर चल. घरात माणसं येणार हायत, लई माणसं," तो म्हणाला. "तू नुसतं दारात हुभी ऱ्हा."

"आप्पा, मालक घरात न्हाईत. मंगळवारी येतील. त्यांस्नी इचारल्याबिगर मी काय सांगू?"

मग मंगळवारपर्यंत थांबायचं ठरलं. भरमू तंबाखूच्या एका वखारीच्या पडवीत राहिला. तंबाखूच्या धुरळ्यानं शिंका देत बसला. रविवारी चर्च चुकलं, बारा वर्षांत पहिल्यांदा. निपाणीत त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि गंमत म्हणजे तिथं लोक त्याच्याशी बोलत होते. वखारीचा राखणदार बोलला, चहावाला बोलला. कोण, कुठला, काय करतोस. भरमूला उत्तरं द्यायला लाज वाटायची इतकं ते नवं होतं.

मंगळवार गेला, जावई आला बुधवारी दुपारी. तो काही ओरडला नाही, बिचारा गरीब माणूस. एवढंच म्हणाला, "मामा, तिला न्हेली तर माझी आई तिला परत घरात घ्याची न्हाई. तुमीच सांगा." जया दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या दिसत होत्या, तोंड दिसत नव्हतं. भरमू म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे." आणि उठला. मोटार चुकली म्हणून ती रात्रही पडवीत काढली आणि गुरुवारी दुपारी वडगावात आला.

अंगणात पाऊल टाकलं तर सारवण सगळं तुडवून ठेवलेलं. शिमगा नुकताच झालेला, पोरांचा धिंगाणा असणार. कुणाला विचारायची सोय नाही आणि कुणी सांगायलाही आलं नाही. मनात चार शिव्या घालून त्यानं शेण आणलं आणि अंगण पुन्हा सारवून काढलं.

रविवारी चर्चला गेला तर काहीतरी बिनसलेलं. कुणी वाईट वागलं असं नाही. पण "कसं काय भरमू?" आलं नाही. त्यानं सलाम केला, लोकांनी सलाम घेतला आणि नजर दुसरीकडं वळवली. रूथबाई लुगड्याचा पदर सारखा करत बसली. शांतवन मास्तर, ज्यांनी पारूला उचललं होतं ते मास्तर, गायनाची पुस्तकं गोळा करत राहिले, करत राहिले, एवढी पुस्तकंच नव्हती तिथं. मालुबाईनं त्याच्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. उपास ना जिभेचा. सगळी मंडळी देवाला दिलेला शब्द पाळत होती, इमानदारीनं पाळत होती, आणि एकानं कुणी मोडून भरमूला चारचौघांत झापलं असतं तर देवावर उपकार झाले असते.

भरमूनं ओळखलं. यांचं यायचं मन नाही. वडगाव लांब. ती गल्ली तसली. शब्द देऊन बसलेत आणि आता अवघड झालंय. "बुधवारी येताय न्हवं?" हे शब्द त्याच्या जिभेवर चर्चच्या पायरीपर्यंत आले होते. पण एकदा बोलावलं, सगळ्यांसमोर बोलावलं. पुन्हा विचारायचं म्हणजे हात पसरणं आलं. तो तसाच निघाला. वाटेत त्याला एकदा वाटलं की परत फिरावं. वडगावच्या अलीकडच्या खासबागेपर्यंत वाटत होतं.

तरी त्यानं बुधवारी आंबील केली. का केली, तर न येणाऱ्यांसाठी नाही, आले तर काय म्हणून. मोठा हंडा चढवला, नाचणीचं पीठ कालवलं, ताक घातलं, लसूण ठेचून घातला. दिवसभर स्वतः पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दुपार कलली तसे परळ पुसून ओळीनं मांडले, चोवीस. कांदे चिरले. कंदील पुसला. धुतलेलं धोतर नेसला आणि उंबऱ्याशी बसला. गल्लीतले माग एकेक थांबत गेले. पोरं जाता-येता वाकून आत बघायची, रिकामी खोली आणि परळांची ओळ बघून पळायची.

दिवेलागण झाली. भरमूनं कंदील लावून दारात टांगला. गल्लीच्या तोंडाशी कुणी दिसलं की तो मान पुढं काढायचा, आणि तो माणूस आपल्या दारात वळून जायचा. एकदा खरंच तिघं-चौघं एकदम वळले, तर तो उठून उभा राहिला. गिऱ्हाइकं होती, लुगडी बघायला आलेली, पुढं गेली. तो पुन्हा बसला. मास्तर तरी येतील, त्यानं धरून ठेवलं होतं. बाकी कुणी नको. मास्तर एकटे येतील, डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधतील. मग मास्तरही सोडले. मालुबाई तरी. मग तीही सोडली. हंड्यावर साय धरली होती.

रडू येईल असं त्याला वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं. या गल्लीनं टाकलं तेव्हा तिकडं कॅम्पात ती माणसं आहेत, हे होतं. आता तिकडचंही कळलं. उद्यापासून रविवारही नको, तो मनाशी म्हणाला. दीड कोस कशाला तुडवायचे? सातही दिवस एकसारखे झाले म्हणजे निदान वाट बघणं तरी मिटलं. तो कंदील काढायला उठला.

"कुणाची वाट बघालायस?"

भरमूला आधी कळेच ना की हे आपल्याला आहे. दोन घरांच्या मधल्या बुटक्या भिंतीपाशी आक्काताई उभी होती. डोईवर पदर, हात भिंतीवर. मष्णू लुगडी पोचवायला गेला होता, घरात ती एकटीच होती. बारा वर्षांत तिचा आवाज जाड झाला होता.

"वैनी?" तो म्हणाला.

"कुणाची वाट बघालायस, इचारलं."

"माझी माणसं यायची हुती. चर्चची."

आक्काताईनं त्याच्यामागच्या परळांच्या ओळीकडं बघितलं. मग म्हणाली, "ती तर आलती की."

"कवा?"

"गेल्या बुधवारी. तू नव्हतास. कुलूप हुतं."

भरमूनं कंदील तसाच हातात धरला. गेल्या बुधवारी. तो मनात मागं मोजू लागला, एक, दोन, तीन, आणि मग राखेच्या बुधवारापाशी येऊन अडकला. ती पहिली प्रार्थना मास्तरांकडं झाली असणार. त्याच संध्याकाळी. तो मागावर बसला होता त्या संध्याकाळी. तो उंबऱ्यावर बसला.

"मला कुणी सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

"कोण सांगणार?" आक्काताई म्हणाली. ते टोचून नव्हतं. खरंच, कोण सांगणार होतं?

ती भिंतीला टेकली. "लई वेळ बसली हुती अंगणात. तू येशील म्हणून. मग त्या मास्तरनं कंदील लावला, पुस्तक वाचलं. गाणी म्हणली दोन. वाजवायची पेटी घिऊन आलता एकजण, तिकडनं डोसक्यावर. समद्यांनी डोळं झाकलं आन् तुझं नाव घितलं. भरमू कुटं अडकलाय ठाऊक न्हाय, त्याला सुखरूप ठेव, म्हणाला मास्तर. मी दाराआडनं ऐकलं." तिनं पदर तोंडावरनं फिरवला. "मग आमच्या मष्ण्यानं जाऊन सांगितलं, तो तर शनवारीच कुलूप लावून गेलाय. हसत सांगितलं मेल्यानं. तवा त्यांची तोंडं उतरली. तू मुद्दाम पळालास असंच वाटलं आसंल त्यांस्नी."

भरमूला रविवार आठवला. मास्तरांची ती न संपणारी पुस्तकं.

"आन् एक ऱ्हायलं," आक्काताई म्हणाली आणि तिनं गल्लीकडं एकदा बघून घेतलं. "त्यांच्यात एक म्हातारी हुती, काठीवाली. उपासाची. तिनं माझ्या दारात येऊन पाणी मागितलं. बाई, घोटभर दे, म्हणाली. मी हंड्यापतोर गेले बग भरमू. तांब्या हातात घितला. आन् मागं फिरून दार लावलं. आठ दिस झालं, पाणी प्यायला गेलं की ती दिसतीया." तिनं भिंतीची माती नखानं उकरली. "माझ्या दारातनं म्हातारं माणूस तान्हेलं गेलं. तुझ्या भावानं असं केलं नसतं."

भरमूच्या मागं हंडाभर आंबील होती, वहिनीला एक परळ भरून द्यावा असं मनात आलं. पण त्याच्या हातचं ती घेणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि नाही म्हणायची पाळी त्यानं तिच्यावर आणली नाही. आत्ता उठून कॅम्पात पळत जावं असंही आलं. पण आता आजची प्रार्थनाही, ज्या कुणाच्या घरी होती तिथं, संपली असेल, लोक आंबील पिऊन निजायच्या बेतात असतील. रविवार आहे. रविवारी तो जाईल, सगळ्यांसमोर सांगेल, मास्तर कपाळावर हात मारून घेतील, मालुबाई त्याचा कान धरेल. ते सगळं होईल. पण वडगावचा बुधवार होऊन गेला होता. त्याच्या घरी त्याची माणसं आली होती आणि ती सगळ्या वडगावानं बघितली होती, त्याला सोडून.

"वैनी," तो म्हणाला, "किती जण हुते?"

"मी काय मोजलं व्हय? अंगण भरलं हुतं तुझं. पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं माझ्या भिंतीवर चढून बसलती."

"भरलं हुतं?"

"भरलं हुतं रं."

भरमूनं अंगणाकडं बघितलं. नुकतंच सारवलेलं, गुळगुळीत, एक पाऊल नाही त्यावर. ते पहिलं तुडवलेलं सारवण त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. आता त्याला रडू आलं. मोठ्यानं नाही, पण आलं ते थांबेना. आक्काताई भिंतीपलीकडं तशीच उभी राहिली. मष्णू यायची वेळ झाली होती, गल्लीतली दोन दारं उघडी होती, बघणारे बघत होते. ती हलली नाही.

खूप वेळानं भरमूनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"मालुबाई कुटं बसलती?" त्यानं विचारलं. "आन् मास्तर? पयल्यापासनं सांग वैनी. कोण आदी आलं, तितनं सांग."

आक्काताईनं पदर सारखा केला. "आदी मास्तरच आला," ती म्हणाली. "गल्लीच्या तोंडाला थांबून तुझं घर कुटलं ते इचारत हुता."